राणीचं माहेर सिएटल

भोरच्या राजवाड्यात शूटिंग चालू असलं तर गावात आता कुणी मान वळवून बघत नाही. जनरेटरची गाडी बाहेर घरघरत असते, आतल्या चौकात कॅमेऱ्याचे रूळ पडतात, सागवानी खांबांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या जातात आणि जेवणाच्या सुट्टीत तलवारवाले मावळे वडापाव खाताना दिसतात. भोरचे राजे पंतसचिव यांनी हा वाडा १८६९ साली उभा केला. आज तो कधी पेशव्यांचा असतो, कधी ठाकुराची हवेली होतो, कधी नुसताच श्रीमंताचं लग्नघर.

तिकडे रुमानियात सिनाया गावाच्या डोंगरात पेलेश नावाचा राजवाडा आहे. तो बांधायला घेतला १८७३ साली, म्हणजे भोरच्या वाड्याहून चार वर्षांनी धाकटा. त्याच्याही नशिबी अलीकडे हाच उद्योग आला आहे. 'अ ख्रिसमस प्रिन्स' हा नेटफ्लिक्सवरचा २०१७चा चित्रपट ज्या आल्डोव्हिया देशात घडतो तो देश नकाशात नाही, पण त्याच्या राजाचा वाडा म्हणून दिसतो तो पेलेशच. न्यूयॉर्कची एक धडपडी पत्रकार बातमीच्या मागे राजवाड्यात शिरते, तिला मास्तरीण समजून राजकन्येच्या शिकवणीला बसवतात, बर्फ पडतं, झाड सजतं आणि पुढचा राजा तिच्या प्रेमात पडतो. दर डिसेंबरला असे डझनभर चित्रपट येतात. कुठे बेकरीवाली असते, कुठे शिंपीण, कुठे शाळामास्तरीण. राजपुत्र मात्र सगळीकडे एकाच दुकानातून आणल्यासारखा. शेवटी म्हातारी राणी विरघळते आणि सून पसंत करते.

पेलेशच्या खऱ्या घराण्यात काय झालं ते या चित्रपटवाल्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. रुमानियाचा युवराज कॅरोल १९१८ साली, ऐन महायुद्धात, सैन्य सोडून ओडेसाला पळाला आणि तिथे झिझी लाम्ब्रिनो या सेनाधिकाऱ्याच्या मुलीशी त्याने लग्न लावलं. राजघराण्यातल्या माणसाने स्वदेशातल्या मुलीशी लग्न करायचं नाही असा तिथला नियम होता, मग ती कितीही चांगल्या घरातली असो. युवराजाला पकडून मठात बसवलं, १९१९ साली कोर्टाने लग्न रद्द केलं. म्हातारी राणी विरघळली नाही.

युरोपात राजाने राजघराण्यातच लग्न करायचं हा दंडक इतका कडक होता, म्हणून तर तो मोडण्याची गोष्ट गोड वाटते. ही गोडी भोरच्या जुन्या कारभाऱ्याला समजावून सांगायची म्हटली असती तर पंचाईत झाली असती. राजाने साध्या घरातली मुलगी केली, बरं मग? करणार दुसरं काय?

कारण भोरचा राजा पंतसचिव. मूळचं आडनाव गांडेकर, जात देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मण. शंकराजी नारायण यांना राजाराम महाराजांनी १६९७ साली सचिवपद दिलं. औरंगजेबाच्या फौजांशी झुंजत मावळातले किल्ले परत घेणाऱ्यांत हा माणूस पुढे होता. १७०७ साली शाहू महाराज सुटून आले तेव्हा ताराबाईंना दिलेली शपथ एकीकडे आणि खरा वारस दुसरीकडे, अशा कात्रीत सापडून त्यांनी भोरजवळच्या आंबवड्याला देह ठेवला. त्यांच्या वंशजांचं संस्थान मग १९४८पर्यंत चाललं. क्षेत्रफळ ९२५ चौरस मैल, सलामी ९ तोफांची. तालुके पाच आणि नावं एकाहून एक: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ, सुधागड. (वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय सरकारने २०२४ साली घेतला तेव्हा बऱ्याच लोकांना ते नवं नाव वाटलं. संस्थानात राजगड तालुका होताच.)

आता या राजाला बायको कुठून आणायची? हिशेब अवघड होता. ब्राह्मण संस्थानं मुळात मोजकी. सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड पटवर्धनांची, म्हणजे कोकणस्थ. ती सोयरिकीला बाद. देशस्थांत औंधचे प्रतिनिधी, विशाळगड, गगनबावडा अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घराणी. त्यात शाखा जुळायला हवी आणि गोत्र जुळता कामा नये. पत्रिकेत मंगळ निघाला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. राजकन्येसाठी थांबला असता तर असा संस्थानिक जन्मभर ब्रह्मचारीच राहिला असता. त्यामुळे या संस्थानांत सून यायची ती इनामदारांच्या, कुलकर्ण्यांच्या, वैदिकांच्या आणि पुढे वकील-मामलेदारांच्या घरांतून. मुलगी बघायला कारभारी जायचा, बरोबर जोशी असायचा. रूप, पत्रिका, घराण्याची वागणूक, या क्रमाने चौकशी व्हायची. मुलीच्या बापाची सांपत्तिक स्थिती हा प्रश्नच नव्हता. उलट बाप गरीब असला तर सासरी तक्रार करायला कुणी येणार नाही, हा व्यवहारही त्यात असे.

प्रेम? ते लग्नानंतर, सवडीने.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण झाशीचं आहे, पण ते या नजरेने कुणी बघत नाही. मोरोपंत तांबे हे काशीला चिमाजी अप्पांच्या पदरी असलेले आश्रित गृहस्थ, नंतर बिठूरला दुसऱ्या बाजीरावांकडे आलेले. जहागीर नाही, फौज नाही. त्यांची मनकर्णिका १८४२ साली झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांना दिली. नवरा वयाने किती तरी मोठा आणि आधीची बायको वारलेला. दोन्ही घरं कऱ्हाडे, तेवढं जमलं की बाकी जमलं. बोहल्यावर नवऱ्या मुलीने गुरुजींना गाठ चांगली घट्ट बांधा म्हणून बजावलं, अशी आख्यायिका सांगतात. लग्नात तिचं नाव लक्ष्मीबाई झालं आणि मोरोपंतही मुलीमागोमाग झाशीला जाऊन दरबारात बसले. राणीचं माहेर सासरच्या गावातच वसवायचं, ही त्या काळातली एक रीत. संस्थानाच्या खजिन्याला ते महाग पडायचं, पण त्या मुलीला जवळचं माणूस मिळायचं.

नाताळच्या आठवड्यात झालेलं एक लग्नही मराठ्यांच्या इतिहासात सापडतं, आणि ते या चित्रपटांसारखं मुळीच नाही. डिसेंबर १७६०. सदाशिवरावभाऊंची फौज पानिपतावर अडकून पडलेली, दाणागोटा तुटलेला. भाऊंच्या मदतीला म्हणून निघालेले नानासाहेब पेशवे गोदावरीकाठी पैठणला थांबले आणि महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात त्यांनी तिथल्या वाखरे सावकारांच्या लहानग्या मुलीशी दुसरं लग्न केलं. तिचं नाव राधाबाई. पेशवे कोकणस्थ, वाखरे देशस्थ. म्हणजे पोटजातीचा बांध पेशव्याने स्वतः ओलांडला. एरवी अशा गोष्टीवर पुण्यात शास्त्री-पंडितांची सभा बसली असती. इथे नवरा मुलगा खुद्द पेशवा आणि मुलीचा बाप सावकार. पेशवाईला त्या वर्षी सर्वांत जास्त गरज कशाची होती हे लक्षात घेतलं तर लग्नाचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. १४ जानेवारीला पानिपत झालं. त्याची पहिली खबर पेशव्याला मिळाली तीही एका सावकारी पत्रातूनच. जूनमध्ये पेशवे पर्वतीवर वारले. राधाबाईंचा संसार सहा महिन्यांचाही झाला नाही.

वेल्ह्याकडे वळलं की लग्नांचं गणित बदलतं. राजगड ही शिवरायांची पहिली राजधानी आणि त्यांच्या आठ लग्नांची यादी वाचली तर ती सोयरिकीपेक्षा तहनाम्यासारखी दिसते: निंबाळकर, मोहिते, शिर्के, जाधव, पालकर. त्या काळातल्या मराठा घराण्यांचा नकाशाच तो. थोरल्या सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या. त्या ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर वारल्या, अफझलखान वाईकडे येऊन बसलेला असताना. गडाच्या पायथ्याला पाल गावात त्यांची समाधी आहे. नाताळच्या सुट्टीत गडावर जाणाऱ्या झुंडींपैकी फारच थोडे तिकडे वळतात.

पण सामान्य घराचा आणि राजघराण्याचा एक धागा इथे असा आहे की तो कुठल्याही सोयरिकीपेक्षा पक्का ठरला. संभाजीराजांचा जन्म १६५७चा, पुरंदरावरचा. सईबाईंना दूध येईना. तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातली धाराऊ गडावर गेली आणि तिने आपल्या दुधावर युवराज वाढवला. कापूरहोळ म्हणजे आजच्या पुणे-सातारा रस्त्यावरचं, भोरला वळायचं तेच गाव. धाराऊची मुलं अंतोजी आणि रायाजी पुढे संभाजीराजांच्या पदरी राहिली. दूधभाऊ हे नातं मराठी मुलखात रक्ताच्या बरोबरीने मानतात, त्यामुळे यात उपकाराची भाषा कुठे येत नाही.

राजकन्येला सामान्य माणसाने जिंकण्याची गोष्टही आपल्याकडे घडलेली आहे, आणि ती नीरेच्या पाण्याची आहे. नीरा उगम पावते भोर तालुक्यात, शिरगावला. तिथून ती खाली वाहत जाते आणि तिच्या काठी होळ नावाचं गाव लागतं. होळचा धनगराचा पोर मल्हारी इंदूरचा मल्हारराव होळकर झाला. राजा स्वतःच मेंढरांमागून आलेला असल्यावर सून कुठली आणायची याचा बडेजाव कशाला? १७३३ साली मल्हाररावांनी चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची आठ वर्षांची अहिल्या मुलगा खंडेराव याला करून घेतली. पुढे राज्य चालवलं ते या पाटलाच्या लेकीने.

तिची एकुलती मुलगी मुक्ताबाई. माळव्याच्या वाटांवर लुटारूंचा उपद्रव फार वाढला, तेव्हा अहिल्याबाईंनी दरबारात जाहीर केलं की जो त्यांचा बंदोबस्त करील त्याला मी मुलगी देईन, जात-हुद्दा बघणार नाही. यशवंतराव फणसे नावाचा तरुण उठला. त्याने मागितली फौज आणि पैसा, आणि बंदोबस्त करून दाखवला. मुक्ताबाई त्याला दिली. ही हकीकत परंपरेने जशी सांगितली जाते त्यात अलंकार चढले असतीलही, पण फणसे जावई झाले हे खरं आणि ते कुठल्या गादीचे वारस नव्हते हेही खरं. शेवट मात्र परीकथेसारखा नाही. १७९१ साली यशवंतराव वारले आणि आईने परोपरीने विनवलं तरी मुक्ताबाई सती गेली.

मग नाताळ या सगळ्यात कुठे? संस्थानिकांचा नाताळ म्हणजे साहेबाचा सण. हिंदुस्थानभर डिसेंबरच्या अखेरीला गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यावर डाल्या जायच्या: फळफळावळ, सुकामेवा, फुलं, कधी त्याखाली आणखीही काही. भोरचा पोलिटिकल एजंट म्हणजे पुण्याचा कलेक्टर. दत्तक घ्यायचा तर सरकारची मंजुरी लागायची, त्यामुळे साहेबाची मर्जी राखणं हे घराण्याचा वंश चालू ठेवण्याइतकं गरजेचं. मोठे दरबारही नाताळाच्या आसपासच भरत. १ जानेवारी १८७७, १ जानेवारी १९०३ आणि १२ डिसेंबर १९११, तिन्ही दिल्लीला. थंडीच्या दिवसांत हिंदुस्थानातली सगळी राजघराणी तंबू ठोकून एकमेकांच्या शेजारी राहत होती. अशा ठिकाणी तरुण पोरापोरींनी एकमेकांकडे बघितलं नसतं तरच नवल.

१९११च्या दरबारात तसंच झालं. बडोद्याच्या सयाजीरावांची मुलगी इंदिराराजे तिथे कूचबिहारच्या धाकट्या राजपुत्राला, जितेंद्र नारायणला, भेटली. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं होतं. तिने परस्पर माधवरावांना पत्र लिहून नकार कळवला. आईवडिलांना ते ग्वाल्हेरहून तार आल्यावर कळलं. कूचबिहारचं घराणं ब्राह्मो समाजी, विलायती वळणाचं, त्यात मुलगा गादीचा वारसही नाही. बडोद्याच्या दृष्टीने तो जवळजवळ सामान्यच. दीड-दोन वर्षं धुसफूस चालली. शेवटी १९१३ साली लंडनच्या रजिस्ट्रार कचेरीत लग्न लागलं आणि आईवडील त्याला हजर नव्हते. गंमत अशी की हे सयाजीराव स्वतः नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून १८७५ साली दत्तक आलेले. घोड्यावर बसवून शिकवल्यानंतर माणूस किती लवकर खानदानी होतो!

विसाव्या शतकात ब्राह्मण संस्थानांतल्या सुनाही बदलल्या. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या राणी सरस्वतीबाई या अमरावतीचे नामवंत वकील सर मोरोपंत जोशी यांच्या कन्या. आता बापाकडे पदवी होती, इंग्रजी होतं, सरकारदरबारी वजन होतं. राणीचं माहेर आश्रित राहिलं नव्हतं. औंधात तर आणखी पुढची मजल. सूर्यनमस्कारवाल्या भवानराव प्रतिनिधींचे चिरंजीव अप्पा पंत पुढे भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी गेले. त्यांनी १९४२ साली लग्न केलं ते नलिनीबाईंशी, आणि त्या शल्यविशारद होत्या, विलायतेची एफ. आर. सी. एस. झालेल्या. औंधच्या राजाने त्याआधी, १९३९ साली, राज्यकारभारच प्रजेच्या हाती सोपवला होता. त्यामुळे नवऱ्यामुलाकडे द्यायला गादी नव्हती आणि नवऱ्यामुलीला तिची गरजही नव्हती. या लेखातली सगळी लग्नं एका तराजूत घातली तर सर्वांत बरोबरीचं लग्न हेच ठरावं.

आता नीरेच्या पाण्याची दुसरी गोष्ट. नाताळच्या पडद्याला साजेल अशी हीच एक.

इंदूरचे तिसरे तुकोजीराव होळकर १९२५ साली बदनाम झाले होते. त्यांच्या दरबारातली मुमताज ही नर्तिका सुटका करून घेऊन मुंबईला आली आणि अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याकडे राहू लागली. १२ जानेवारी १९२५च्या संध्याकाळी मलबार हिलवर त्यांची मोटार अडवून बावलाला गोळ्या घातल्या. गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी योगायोगाने तिथे पोचले आणि गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांना भिडले, म्हणून मुमताज वाचली. धागे इंदूरपर्यंत गेले. चौकशीला सामोरे जा किंवा गादी सोडा, असं सरकारने सांगितलं. तुकोजीरावांनी १९२६ साली गादी सोडली. म्हणजे राजपुत्र मोहक वगैरे असला तरी त्याचा पूर्वेतिहास काही गोड नव्हता. घरी दोन राण्याही होत्या. आल्डोव्हियाच्या पटकथाकाराने हा नायक पहिल्याच पानावर खोडला असता.

गादीवरून उतरलेले महाराज युरोपात हिंडत होते. स्वित्झर्लंडमध्ये त्यांची गाठ पडली नॅन्सी ॲन मिलरशी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सिएटलची मुलगी, १९०७ सालचा जन्म. तुकोजीरावांचा १८९०चा. ओळख वाढली, लग्नाचं ठरलं आणि १९२८च्या सुरुवातीला ती हिंदुस्थानात आली. अमेरिकी वर्तमानपत्रांना महिनाभर दुसरा विषय नव्हता.

लग्न करायचं कसं, हा खरा पेच होता.  तुकोजीरावांना ते हिंदू पद्धतीने, आपल्या धनगर समाजाच्या संमतीने हवं होतं. म्हणजे ख्रिस्ती मुलगी आधी हिंदू व्हायला हवी, आणि हिंदू झाली तरी तिची जात कोणती? मावळातल्या कारभाऱ्याने पत्रिका बघून सोडवलेला प्रश्न इथे उलट्या बाजूने उभा होता. मार्ग काढला तो करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी. मार्चमध्ये नाशिकला त्यांनी नॅन्सीचा शुद्धिविधी केला आणि नाव ठेवलं शर्मिष्ठा. धनगर समाजात तिला रीतसर सामावून घेतलं गेलं. पाठोपाठ १७ मार्च १९२८ रोजी नर्मदेकाठच्या बडवाहला लग्न लागलं. शुद्धीच्या चळवळीतल्या लोकांना आयतं उदाहरण मिळालं, सनातन्यांनी नाकं मुरडली. विशीतली एक अमेरिकन मुलगी साडी नेसून, कुंकू लावून अंतरपाटामागे उभी राहिली आणि ते दृश्य जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं.

ती टिकेल असं फारशा लोकांना वाटलं नव्हतं. ती टिकली. चार मुली झाल्या: शारदाराजे, सीताराजे, सुमित्राराजे, सुशीलाराजे. थोरली कागलच्या घाटग्यांकडे दिली. म्हणजे सिएटलची नात कोल्हापूरच्या पंचक्रोशीत सून म्हणून आली. तुकोजीराव १९७८ साली पॅरिसमध्ये वारले. शर्मिष्ठादेवी १९९५पर्यंत होत्या.

पुढच्या पिढीत मात्र साध्या घरच्या परदेशी राणीची किंमत मोजावी लागली. तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव यांची पहिली राणी संयोगिताराजे कागलच्या घाटगे घराण्यातली. मराठा आणि धनगर यांच्यात सोयरीक व्हावी म्हणून कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ती हट्टाने जुळवली होती. लग्न झालं तेव्हा, १९२४ साली, ते बघायला महाराज नव्हते. संयोगिताराजे १९३७ साली तरुणपणीच गेल्या. त्यानंतर यशवंतरावांनी दोन लग्नं केली, दोन्ही अमेरिकन स्त्रियांशी. १९६१ साली ते वारले तेव्हा वारस कोण हा प्रश्न आला. मुलगा रिचर्ड होता, पण आई अमेरिकन; भारत सरकारने मान्यता दिली ती संयोगिताराजेंच्या मुलीला, उषाराजेंना. रिचर्ड होळकर आणि त्यांच्या अमेरिकन पत्नी सॅली यांनी पुढे महेश्वरला रेहवा संस्था काढून तिथल्या हातमागाला पुन्हा उभं केलं. महेश्वरी साडी आज पुण्याच्या लक्ष्मी रोडवर मिळते यात त्यांचा वाटा मोठा आहे. गादीपेक्षा हे बरं झालं, असं म्हणायला हरकत नाही.

ग्वाल्हेरचीही एक आठवण इथे सांगायला हवी. जिवाजीराव शिंद्यांनी १९४१ साली ज्या लेखा दिव्येश्वरींशी लग्न केलं त्या एका डेप्युटी कलेक्टरची मुलगी, मराठा नव्हेत. मराठा सरदारांनी नाराजी लपवली नाही. महाराज बधले नाहीत. पुढे लोकसभेत आणि राज्यसभेत गाजलेल्या विजयाराजे शिंदे त्या याच.

संस्थानिकांनी आपापली लग्नं कशीही केली तरी त्यांच्या प्रजेला त्याचा फायदा काय झाला, हा प्रश्न प्रणयकथा लिहिणारे विचारत नाहीत. इतिहासाने विचारायला हवा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केला. बडोद्याने १९३१ साली हिंदू स्त्रीपुरुषांना घटस्फोटाचा हक्क दिला, स्वतंत्र भारताच्या कायद्याच्या जवळजवळ पाव शतक आधी. मुलीच्या प्रेमविवाहावर रुसलेल्या सयाजीरावांच्याच राज्यातला हा कायदा. राजाचं एक लग्न गाजतं आणि विरतं. या दोन कायद्यांनी कुणाच्या घरावर तोरण लागलं नसेल, पण कुणबी, शिंपी, मास्तर, कारकून यांच्या लेकींसाठी दार उघडलं ते त्यांनीच.

भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झालं आणि पंतसचिवांची प्रजा पुणे आणि कुलाबा जिल्ह्यांत वाटली गेली. १९७१ साली तनखे बंद झाले. भोर किंवा वेल्ह्याच्या एखाद्या मुलीला आज परजातीच्या किंवा परधर्माच्या मुलाशी लग्न करायचं असेल तर शंकराचार्य लागत नाहीत, जात बदलून घ्यावी लागत नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवसांची नोटीस द्यायची आणि तीन साक्षीदार न्यायचे. ती नोटीस कचेरीच्या फलकावर सगळ्यांना दिसेल अशी लावतात, आणि घरच्यांच्या रागातून पळून आलेल्या जोडप्यांना भीती वाटते ती त्याच तीस दिवसांची.